थाई-बर्मी पार्सल घरी आणताना: ऑर्डरपासून उरलेल्या डब्यापर्यंत

जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी मागच्या महिन्यात पहिल्यांदाच खाओ स्वे, म्हणजे नारळाच्या दुधाच्या रश्शातल्या बर्मी नूडल्स, मागवलं. पार्सलमध्ये लहानमोठ्या नऊ डब्या निघाल्या. वहिनींनी त्या सगळ्या एका पातेल्यात रिकाम्या केल्या, पातेलं बारीक गॅसवर ठेवलं आणि दादा कामावरून यायची वाट बघत बसल्या. पाऊण तासानं झाकण काढलं तर आत नूडल्सचं पिठलं. तळलेला कांदा विरघळलेला, शेंगदाणे फुगलेले, कोथिंबीर काळी. "चव असंल ओ चांगली, पण हे खायचं कसं?" म्हणत वाटीभर आमच्याकडे पाठवलं.

हॉटेलनं बरोबर दिलं होतं, घोळ घरी झाला. कडक भाकरी आमटीत कुस्करून कुणी तासभर ठेवतं का? ताटात घेतली की कुस्करायची आणि लगेच खायची. नऊ डब्या वेगळ्या येतात त्या याच कारणानं. या पदार्थांचं शेवटचं काम हॉटेल आपल्यावर सोडतं, आणि ते काम आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. "थाई आपल्याला चालत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी तो पदार्थ खरं तर खाल्लेलाच नसतो.

खाली थाई, बर्मी, व्हिएतनामी आणि इंडोनेशिया-मलेशियाकडच्या पदार्थांचं पार्सल कसं मागवायचं, आणायचं, उघडायचं आणि खायचं ते क्रमानं दिलं आहे. क्रम मोडू नका. भात कधी लावायचा, हासुद्धा त्यातला भाग आहे.

## टप्पा १: पहिल्या वेळी काय मागवायचं

आपल्याकडे हे पदार्थ बहुतेकदा चायनीज मेनूच्या शेवटच्या पानांवर 'पॅन एशियन' किंवा 'ओरिएंटल' अशा मथळ्याखाली सापडतात. निवडताना चवीच्या आधी एक गोष्ट बघा: हा पदार्थ डब्यात अर्धा तास बसून कसा राहील?

करी सगळ्यात चांगली टिकते. नारळाच्या दुधातली थाई करी अर्ध्या तासानं बिघडत नाही, थोडी मुरतेच. पहिल्यांदा मागवणाऱ्यांना मी मसामन करी सुचवतो. तिच्यात दालचिनी, वेलदोडा, जायफळ असतं, बटाटा असतो, शेंगदाणे असतात, म्हणजे आपल्या जिभेला निम्मी ओळख आधीच असते. त्यानंतर लाल करी, मग हिरवी.

इथं एक चूक नेहमी होते. लाल म्हणजे जहाल आणि हिरवी म्हणजे सौम्य, असं धरून आजीसाठी हिरवी करी मागवली जाते. लाल करीला रंग सुक्या लाल मिरच्यांचा, हिरवीला ताज्या हिरव्या मिरच्यांचा. हिरवी करी अनेकदा लालपेक्षा तिखट निघते. रंगावरून अंदाज बांधू नका, विचारा.

सूप बरं टिकतं. टॉम यम पातळ, आंबट आणि तिखट. टॉम खा नारळाच्या दुधातलं, मऊ चवीचं. घरात लहान मुलं असतील तर टॉम खा घ्या.

परतलेला भात टिकतो, नूडल्स कसंबसं. नासी गोरेंगमधला नासी म्हणजे भात आणि गोरेंग म्हणजे तळलेला, परतलेला. रंग काळपट असतो तो केचप मानिस नावाच्या गोड सोया सॉसमुळे. करपलाय असं समजून परत पाठवू नका. पॅड थाई तांदळाच्या चपट्या शेवयांची, चिंच आणि ताडाच्या गुळाची, म्हणून आंबटगोड. हाक्का नूडल्सचा झणका डोक्यात ठेवून उघडलीत तर निराशा ठरलेली. (त्यातला पहिला शब्द थाई लोक ज्या तऱ्हेनं उच्चारतात तो चारचौघांत मराठीत लिहिण्यासारखा नाही. फोनवर 'पॅड'च म्हणा.)

तळलेलं आणि रोटी टिकत नाही. स्प्रिंग रोल आणायचेच असतील तर टप्पा ३ नीट वाचा. मलेशियातली रोटी चनाई ही आपल्या परोट्याची बहीण, डब्यात चामड्यासारखी होते. ती हॉटेलात बसूनच खावी.

फो दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा. या व्हिएतनामी नूडल्स-सूपचा सगळा खेळ उकळत्या पाण्यासारख्या कढत रश्शावर आहे. ते घरी जमवायला थोडा हात बसावा लागतो.

चौघांसाठी पहिली ऑर्डर अशी: एक सूप, एक करी, एक नूडल्स किंवा परतलेला भात, एखादं स्टार्टर. चार जणांना चार करी मागवू नका. हे जेवण मध्ये ठेवून वाटून खायचं असतं. साधा भात घरी करायचा आहे, तो मागवू नका.

## टप्पा २: "व्हेज आहे ना?" एवढं विचारून भागत नाही

सोलापुरात निम्म्या घरांत हा प्रश्न पहिला येतो आणि त्याला उत्तरही ठरलेलं: "हाय की ओ." उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी चिकन-कोळंबी नसली की व्हेज. पण या स्वयंपाकात मीठाच्या जागी बऱ्याचदा फिश सॉस पडतो. लहान मासे मिठात मुरवून काढलेलं ते तपकिरी, पातळ पाणी दिसायला सोया सॉससारखंच. भाज्यांवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडतो. थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते. भाज्यांची करी असली तरी वाटण तेच असू शकतं.

म्हणून तीन प्रश्न विचारा, याच क्रमानं:

1. फिश सॉस, ऑयस्टर सॉस यांच्याशिवाय करून मिळेल का? त्याऐवजी काय घालता?
2. करीचं वाटण इथं करता की विकतचं? विकतचं असेल तर पाकिटावर कोणतं चिन्ह आहे?
3. यात अंडं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाची गंमत सांगतो. एका ठिकाणी मी हिरव्या करीबद्दल विचारलं. काउंटरवरचा पोरगा ठामपणे म्हणाला, "प्युअर व्हेज, काका." मी म्हटलं, "वाटणाचा डबा जरा बघून येतोस का बाळा? चौकटीत हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण?" तो आत गेला आणि दोन मिनिटांनी डबाच हातात घेऊन आला. "त्रिकोण हाय ओ काका." त्यालाही पहिल्यांदाच कळलं होतं. मग आचाऱ्यानं बाहेर येऊन सांगितलं की व्हेजसाठी मिरची, गवती चहा, आलं वाटून वेगळं करून देतो, वीस मिनिटं थांबा. थांबलो.

> लक्षात ठेवा: हिरव्या चौकटीतला हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जुन्या पाकिटांवर मांसाहारीसाठीही गोलच असायचा, तेव्हा रंग बघायला विसरू नका.

तिसरा प्रश्न पॅड थाई आणि नासी गोरेंगसाठी. पॅड थाईत अंडं फोडून परतलेलं असतं, वरून दिसत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी करीच्या वाटेला जाऊ नये, कारण लसूण आणि लहान कांदे वाटणातच असतात, वेचून काढता येत नाहीत. डुकराचं मांस ज्यांना चालत नाही त्यांनी तेही स्पष्ट विचारावं. मोमोसारख्या भरलेल्या डंपलिंगमध्ये ते कधीकधी असतं.

> सावध: घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर "शेंगदाणे घालू नका" एवढ्यावर विसंबू नका. सातेच्या (काडीला लावून भाजलेल्या तुकड्यांच्या) सॉसमध्ये, पॅड थाईवर, मसामनमध्ये, पपईच्या सॅलडमध्ये, सगळीकडे शेंगदाणे आहेत, आणि कढई व झारा एकच असतो. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीचंही तेच. अशा घरानं हे पार्सल आणूच नये.

तिखटाबद्दल एक शब्द. "मीडियम ठेवा" असं सोलापुरात सांगण्यात अर्थ नाही, कारण आचारीही सोलापूरचाच असतो. त्यापेक्षा "तिखट कमी ठेवा आणि मिरची वेगळी बांधून द्या" असं सांगा. थाई स्वयंपाकातली ती इवलीशी बर्ड्स आय मिरची लवंगी मिरचीच्या जातकुळीतली. आपण शेंगाचटणीवर वाढलेले लोक आहोत हा ताठा तिच्यापुढं टिकत नाही.

## टप्पा ३: ऑर्डर देताना पॅकिंग सांगा

अ‍ॅपवरून मागवत असाल तर सूचनेच्या रकान्यात लिहा. मी फोनच करतो, कारण समोरच्याला कळलंय की नाही हे आवाजावरून कळतं. सांगायचं एवढंच:

- रस्सा वेगळा, नूडल्स वेगळ्या.
- वरून घालायचं सगळं (तळलेला कांदा, लसूण, दाणे, कोथिंबीर) वेगळ्या पुड्यांत.
- लिंबू पिळू नका, फोडी द्या.
- सॅलडचं पाणी, म्हणजे त्यावरचा आंबट-तिखट रस, वेगळ्या डबीत.
- तळलेल्या पदार्थाच्या डब्याला झाकण घट्ट नको. कागदी पिशवी असेल तर उत्तम.

शेवटची सूचना लोक विसरतात. गरम स्प्रिंग रोल बंद डब्यात स्वतःच्याच वाफेनं भिजतात. घरी पोचेपर्यंत कुरकुरीत कवच जाऊन ओल्या पापडासारखं होतं.

वेळ सातची धरा. रविवारी साडेआठनंतर ऑर्डर दिलीत तर पार्सल तयार होऊन काउंटरवर पडून राहतं किंवा घाईत बांधलं जातं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पार्क चौकाकडून गाडी काढायची असेल तर त्या गर्दीचा वेळ वेगळा धरा. "कितीला तयार होईल?" हे विचारून त्याच वेळी जा. आधी पोचून ताटकळलात तर तुमचा वेळ जातो, पण उशिरा पोचलात तर पदार्थच जातो.

## टप्पा ४: निघण्याआधी घरी काय तयार हवं

पार्सल आणल्यावर लिंबू शोधायला लागणं ही सगळ्यात फुकटची चूक.

भात. कुकर लावून मगच चप्पल घाला. तांदूळ आंबेमोहर घ्या. थाई जेवणात थोडा मऊ, थोडा चिकट आणि वासाचा भात असतो, त्याला आंबेमोहर जवळचा आहे. बासमतीचे दाणे सुटे राहतात आणि पातळ करी त्यांच्यामधून ताटात उतरते. पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी. मीठ घालू नका, करीत भरपूर असतं.

पाणी. एक भांडंभर उकळून थर्मासमध्ये. टप्पा ६ आणि ७ मध्ये ते लागतं.

दाणे. मूठभर भाजून, साल काढून, जाडसर कुटून ठेवा. हॉटेलनं दिलेले बहुतेकदा मऊ पडलेले असतात. इथं सोलापूरकर हमखास शेंगाचटणीचा डबा उघडतो. पॅड थाईवर ती घालू नका, तिच्यातला लसूण आणि लाल तिखट चिंचेची चव मारून टाकतात. पण गाडो गाडो मागवलं असेल, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा दाट सॉस, तर चमचाभर शेंगाचटणी त्यात खुशाल कालवा. तज्ज्ञ नाक मुरडतील. आमच्या घरी तशीच लागते.

भांडी. खोल, रुंद वाट्या. ताटात रस्सा पसरून गार होतो. काड्यांचा हट्ट धरू नका. थायलंडमध्ये भात चमच्यानंच खातात: उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काटा फक्त चमच्यात ढकलायला. काड्या मुख्यतः नूडल्सच्या वाडग्यासाठी.

✔ तपासा: भात लावला, पाणी उकळलं, लिंबू चिरलं, दाणे कुटले, वाट्या काढल्या. आता निघा.

## टप्पा ५: काउंटर ते घर

काउंटरवर पिशवी उघडून डब्या मोजा. लाजू नका. सॉसची डबी राहिली तर ती घरी करता येत नाही, आणि सात रस्त्यावरून होटगी रोडला परत फेरी मारायला कुणाला वेळ आहे? बिलावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, आहे का तेही एकदा बघून ठेवा.

व्हेज आणि नॉनव्हेज दोन्ही असेल तर डब्यांवर पेननं खूण करायला सांगा. व्हेज लाल करी आणि चिकन लाल करी झाकणावरून ओळखू येत नाहीत.

सूपचा डबा पिशवीच्या तळाला, सरळ उभा. स्कूटरच्या हुकाला टांगलेली पिशवी खड्ड्यागणिक झोके खाते, म्हणून ती पायांमध्ये ठेवा. सॅलड आणि गार रोल गरम डब्यांच्या शेजारी ठेवू नका, वेगळी पिशवी मागा.

> सावध, वेळेची मर्यादा: शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात. साध्या हवेत बाहेर २ तास ही मर्यादा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चाळिशी ओलांडलेली असते, म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात नियम एका तासाचाच.

याची किंमत आम्ही मोजली आहे. माझ्या भाच्यानं मे महिन्यात कौतुकानं पुण्याहून खाओ स्वे आणलं, हुतात्मा एक्सप्रेसनं. दुपारी घेतलेलं पार्सल, संध्याकाळची गाडी, रात्री दहाला सोलापूर. डबा उघडल्यावर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. तो म्हणत होता, उकळून घेऊ. नाही घेतलं. नारळाचं दूध उन्हाळ्यात इतक्या वेळात हमखास जातं, आणि काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. पुण्याहून आणायचंच असेल तर बाटलीबंद वाटण, सुक्या शेवया, सॉस आणा. शिजलेलं नको.

## टप्पा ६: उघडणं आणि गरम करणं

घरात आल्याबरोबर पहिलं काम: तळलेल्या पदार्थाचं झाकण काढा. बाकीच्या डब्या मागाहून.

मग हात लावून बघा. डबा चांगला गरम असेल तर काहीच करू नका, सरळ टप्पा ७. गरज नसताना गरम करणं हे या पार्सलांच्या बिघडण्याचं दुसरं मोठं कारण आहे. पहिलं म्हणजे वहिनींचं पातेलं.

नारळाच्या दुधाची करी. कढईत, बारीक आचेवर, हलवत. कडेला वाफ दिसू लागली, मध्ये एखादा बुडबुडा आला की बंद. खळखळून उकळली तर दूध फुटतं आणि करी रवाळ होते. वर लाल-हिरवं तेल तरंगतंय म्हणून घाबरू नका. थाई करीत नारळाचं तेल सुटणं ही आपल्या रश्श्यावरच्या तर्रीसारखी चांगली खूण. नासलेली करी वेगळी ओळखू येते: फेस, आंबूस वास, चमच्याला तार.

टॉम यम. हे मात्र चांगलं कढत करा. लिंबू गॅस बंद केल्यावर.

तांदळाच्या नूडल्स. गार झाल्या की गोळा होतो आणि कडक होतात. तोडू नका. कढईत दोन-तीन चमचे उकळतं पाणी, त्यावर गोळा, झाकण, एक मिनिट. मग दोन काट्यांनी सैल करा. सॉस लावलेल्या पॅड थाईला चमचाभर पाणी पुरे, जास्त घातलंत तर पाणचट होते.

स्प्रिंग रोल. कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, फिरवत. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नको.

> सावध: पार्सलचे पातळ प्लॅस्टिकचे डबे मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. चंदेरी फॉइलचे तर मुळीच नाही, ठिणग्या उडतात. काचेच्या भांड्यात काढून घ्या.

## टप्पा ७: वाढणं, पदार्थानुसार

खाओ स्वे. नऊ डब्यांचं कोडं असं सोडवा. प्रत्येकाच्या वाटीत आधी नूडल्स, वाटीच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्याच. त्यांवर कढत रस्सा, नूडल्स बुडतील इतका. मग उकडलेलं अंडं, तळलेला कांदा, तळलेला लसूण, दाणे, कोथिंबीर, मिरचीचा चुरा. शेवटी लिंबू. आणि लगेच खायला बसा. दुसरी वाटी हवी तर पुन्हा पहिल्यापासून.

रस्सा दाट वाटला तर थर्मासमधलं पाणी घालून सारखा करा. बर्मी पद्धतीत त्याला बेसन लावलेलं असतं, त्यामुळे तो कढीसारखा बसल्या जागी घट्ट होतो. पळीतून सहज ओघळला पाहिजे.

टॉम यम, टॉम खा, हिरवी करी. यांत तीन गोष्टी असतात त्या चावायच्या नाहीत: गवती चहाचे जाड तुकडे, गलांगलच्या चकत्या (आपल्याकडे जिला कुलिंजन म्हणतात ती, आल्याची चुलतबहीण) आणि काफिर लिंबाची जाड, दुहेरी दिसणारी पानं. आमटीतल्या कढीपत्त्यासारखं बाजूला काढायचं. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या दिवशी गवती चहाचं दांडकं शेवग्याच्या शेंगेसारखं चोखून, मग चावून, शेवटी गिळायचा प्रयत्न केला होता. पाहुण्यांना आधी सांगा.

करी-भात. सगळा भात करीत कालवू नका. वाटीत भात, त्यावर दोन चमचे करी, तेवढंच खायचं, मग पुढचे दोन. वरण-भातासारखं एकदम कालवलं की तिसऱ्या घासाला सगळं एकाच चवीचं लागतं. पोळीशी मसामन चालते, दाट असते. हिरवी करी पोळीशी खाऊ नका, घासाला धरतच नाही.

पपईचं सॅलड, सोम तम. रस अगदी खायच्या क्षणी घाला. दहा मिनिटांत पपईला पाणी सुटतं. आधी दोन चमचे रस, चाखून मग उरलेला. पारंपरिक सोम तममध्ये फिश सॉस आणि सुकी कोळंबी असते, तेव्हा टप्पा २ चे प्रश्न इथंही.

व्हिएतनामी गार रोल. पारदर्शक कागदासारखं आवरण तांदळाचंच, ओल्या पापडीसारखं. ते तळायचं नाही, गरमही करायचं नाही. आमच्या ओळखीच्या एकांनी कच्चे दिलेत म्हणून तेलात सोडले होते. फुटून स्वयंपाकघरभर तेल उडालं. फ्रीजमध्येही ठेवू नका, आवरण कडक होतं.

> सावध: पॅड थाई आणि फोबरोबर कच्चे, लांब मोड आलेले मूग येतात. गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि लहान मुलांना ते कच्चे देऊ नका. उकळत्या रश्शात किंवा कढईत परतून द्या.

## टप्पा ८: चाखायचं कसं

प्रत्येक पदार्थाचा पहिला चमचा नुसता, काही न घालता. मग ठरवा काय कमी आहे. या जेवणात आंबट, गोड, खारट, तिखट हे चारही एकाच घासात असतात, आणि खाणाऱ्यानं आपल्या वाटीत ते जुळवायचे असतात. थायलंडमध्ये नूडल्सच्या दुकानात टेबलावर साखर, फिश सॉस, मिरचीचा चुरा आणि मिरचीचं व्हिनेगर ठेवलेलं असतं ते याचसाठी.

गुळमट वाटलं तर लिंबू पिळा. आपण सवयीनं मीठ घेतो, पण दहापैकी आठ वेळा कमी असतं ते आंबट. आंबट जास्त झालं तर चिमूटभर साखर किंवा गूळ. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, काही फरक पडत नाही. भात खा, करीतलं नारळाचं दूध किंवा वाटीभर दही घ्या. टोमॅटो केचप शक्यतो टेबलावर आणूच नका, नाहीतर पोरं बाकीच्या सगळ्या चवींवर पाणी सोडतात.

फिश सॉसच्या वासानं बरेच जण पहिल्या झटक्यात डबा दूर सारतात. उघड्या बाटलीचा वास खरंच उग्र असतो. सुक्या बोंबलाचा असतो तसाच. कढईत पडल्यावर तो उरत नाही, फक्त खारटपणा उरतो. वासावरून निकाल देऊ नका, दोन चमचे खाऊन द्या. त्यानंतरही नको वाटलं तर सोडा, बळजबरी कसली.

## टप्पा ९: उरलं तर

जेवण सुरू करण्याआधीच ठरवा काय उरणार आहे, आणि ते उष्टं व्हायच्या आत बाजूला काढा. तासाभरात फ्रीजमध्ये, पसरट डब्यात. खोल डब्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो.

- करी: दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मसामन तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. लागेल तेवढीच काढून एकदाच गरम करा, आणि या वेळी मध्यापर्यंत वाफाळेल इतकी. थोडी रवाळ झाली तर होऊ द्या.
- भात, नासी गोरेंग: इथं सगळ्यात जास्त काळजी. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो, आणि त्याचं विष फोडणी देऊन किंवा परतूनही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी घालायची आपली सवय या जेवणापुरती तरी बंद ठेवा. लगेच फ्रीजमध्ये गेलेला भात दुसऱ्या दिवशी चालतो.
- नूडल्स: फ्रीजमध्ये वायरसारख्या होतात. टप्पा ६ मधली वाफ देऊन खाता येतात, पण मजा निम्मी.
- सॅलड, गार रोल, मोड: ठेवू नका.
- शेंगदाण्याचा सॉस: गार झाला की लाडूसारखा घट्ट बसतो. कोमट पाणी थोडं थोडं घालत चमच्यानं फिरवा, परत येतो. काकडीशी, उकडलेल्या बटाट्याशी, कडक भाकरीच्या तुकड्याशीही चांगला लागतो.

> सावध: रात्री लाईट गेली आणि चार तासांहून जास्त वेळ आली नाही, तर नारळाच्या दुधाचं आणि भाताचं जे काही असेल ते टाका.

न उघडलेल्या सॉसच्या पुड्या फ्रीजच्या दारात एका वाटीत ठेवा, वर तारखेची चिठ्ठी. आमच्याकडे ती वाटी भरली की मी पुढच्या ऑर्डरला फोनवर सांगतो, "सॉसच्या पुड्या नकोत, त्याऐवजी तळलेला लसूण जास्त द्या." देतात.